हत्तीची दाढ आणि माणसाचा दात

म्हैसूरच्या विजयादशमीच्या मिरवणुकीत चामुंडेश्वरीची सोन्याची अंबारी वाहणारा हत्ती ज्याने एकदा पाहिला, त्याच्या मनात त्या गजराजाचे लांब सुळे कायमचे ठसतात. वस्तुतः ते सुळे नसून वरच्या जबड्यातील पटाशीचे दात होत आणि ते जन्मभर वाढत राहतात. परंतु हत्तीचे आयुष्य अवलंबून असते ते त्याच्या दाढांवर. वरच्या व खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस एकामागून एक अशा सहा दाढा येतात. नवी दाढ मागून पुढे सरकते व झिजलेल्या दाढेची जागा घेते. सहावी दाढ झिजली, की चारा चघळणे अशक्य होऊन वृद्ध हत्ती खंगत जातो.

माणसाला दुधाचे व कायमचे असे दातांचे दोन संच मिळतात, तर उंदराला एकच; मात्र त्याच्या पटाशीच्या दातांची वाढ कधीच थांबत नाही. एकाच सस्तन वर्गात एवढी विविधता कशी निर्माण होते?

गर्भाच्या जबड्यावरील पेशींचा थर आणि त्याखालील ऊतक यांच्यातील देवाणघेवाणीतून दात घडतो. एकाने हाक द्यावी व दुसऱ्याने ओ द्यावी, तसा हा व्यवहार चालतो. येथे हाकेचे काम वृद्धिकारक घटक, म्हणजे पेशींना वाढीचा संदेश देणारी प्रथिने करतात. दाढेच्या अंकुरात पेशींची एक लहानशी गाठ तयार होते. ती स्वतः वाढत नाही. तथापि तिच्यातून स्रवणारी प्रथिने सभोवतालच्या पेशींची वाढ घडवून आणतात व तेथे दाढेचा उंचवटा आकारास येतो. अशा गाठी किती व किती अंतरावर निर्माण होतात, यावर दाढेचे रूप ठरते.

संदेशाइतकेच महत्त्व त्याला आवर घालणाऱ्या प्रथिनांना आहे. उंदराच्या पटाशीचा दात व दाढा यांमध्ये मोकळी जागा असते. गर्भावस्थेत तेथेही अंकुर फुटतात, पण लवकरच विरून जातात. ‘स्प्राउटी’ नावाची आवर घालणारी प्रथिने काढून टाकल्यास तेथे जादा दात उगवतो, असे २००६ मध्ये दिसून आले.

याउलट, संदेशच पोहोचला नाही तर दात येत नाहीत. सिंधमधील एका कुटुंबात चार पिढ्यांतील दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस विरळ होते व उन्हाळ्यात त्यांची त्वचा अतिशय कोरडी पडे, अशी नोंद डार्विनने १८७५ मध्ये केली. या वर्णनाशी जुळणाऱ्या विकारात एकाच संदेशवाहक प्रथिनाच्या दोषामुळे दात, केस व घामाच्या ग्रंथी या तिन्हींची वाढ खुंटते.

अशा लोकांना खरे दात मिळतील काय? ‘यूसॅग-१’ हे प्रथिन दाताच्या वाढीला आवर घालते. त्याला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडामुळे उंदीर व फेरेट या प्राण्यांत नवे दात उगवल्याचे जपानी संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. माणसांत हे औषध सुरक्षित आहे किंवा नाही, हे पाहणारी चाचणी २०२४ मध्ये क्योतो येथे सुरू झाली.

तात्पर्य, निरनिराळ्या सस्तन प्राण्यांत या संदेशांची मूळ भाषा एकच आहे. कोठे, केव्हा आणि किती काळ बोलावयाचे, एवढाच भेद होय.