शीत जलातील बास मासा आणि हिवाळ्यातील गळाची मासेमारी

उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या माशांत बास या माशास हौशी मच्छीमारांनी जे महत्त्व दिले आहे, ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या माशाच्या वाट्यास आले असेल. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातींपैकी मोठ्या तोंडाचा बास व लहान तोंडाचा बास या दोन प्रमुख होत. फ्रेंच प्रकृतिवैज्ञानिक लासेपेद याने 1802 मध्ये त्यांच्या प्रजातीचे वर्णन केले. समुद्रातील युरोपीय बासशी त्यांचे नामसादृश्य असले, तरी कुल भिन्न आहे. हे मासे सेंट्रार्किडी कुलातील होत. हिवाळ्यात बास झोपी जातो व गळास लागत नाही, अशी समजूत फार काळ प्रचलित होती. ती कितपत खरी, हे पाहावयाचे तर प्रथम पाण्याच्या गुणधर्मांकडे वळावे लागते.

पाण्याची घनता सुमारे 4 अंश सेंटिग्रेड तपमानास सर्वाधिक असते. शरद ऋतूत सरोवराचा पृष्ठभाग थंड होऊ लागला, की तेथील जड झालेले पाणी खाली जाते व सर्व थर ढवळून निघतात. संपूर्ण जलराशी 4 अंशांच्या आसपास आल्यावर आणखी थंड झालेले पाणी मात्र हलके होऊन वरच राहते आणि शेवटी गोठते. त्यामुळे बर्फाच्छादित सरोवरात उन्हाळ्याच्या उलट स्थिती आढळते: बर्फालगतचे पाणी शून्य अंशाजवळ, तर तळाचे त्याहून काहीसे उबदार. उत्तरेकडील बास हिवाळ्यात खोल जागी गोळा होतात, त्यास प्रवाहापासून मिळणाऱ्या आसऱ्याप्रमाणे हेही एक कारण आहे.

बास हा शीतरक्त प्राणी असल्याने त्याच्या शरीराचे तपमान भोवतालच्या पाण्याबरोबर उतरते. टोरोंटो विद्यापीठातील फ्राय यांनी 1947 मध्ये प्राण्यांच्या हालचालींवरील परिस्थितीच्या परिणामांचे जे विवेचन केले, त्यात तपमानास चयापचयाचा वेग ठरविणारा नियंत्रक घटक मानले आहे. तपमान 10 अंशांनी उतरले असता जीवनक्रियांचा वेग सामान्यतः निम्म्यावर किंवा एक-तृतीयांशावर येतो. या हिशेबाने 25 अंशांच्या पाण्यातील मासा 5 अंशांच्या पाण्यात गेला, की त्याचा चयापचय एक-चतुर्थांश ते एक-नवमांश इतकाच उरतो. पचनही त्याच मानाने मंदावते. उन्हाळ्यात थोड्या वेळात पचणारे भक्ष्य हिवाळ्यात कित्येक दिवस जठरात राहते. पाणी 10 अंशांखाली गेले, की मोठ्या तोंडाच्या बासची वाढ जवळजवळ थांबते.

तथापि मंदावणे म्हणजे निद्रा नव्हे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील वॉर्नर सरोवरात माशांच्या शरीरात ध्वनिप्रेषक बसवून वर्षभर निरीक्षणे करण्यात आली. त्यांवरून असे दिसून आले, की बर्फाखालीही मोठ्या तोंडाचा बास हालचाल करीत असतो. केवळ तिचे प्रमाण पुष्कळ कमी झालेले असते.

हिवाळ्यातील मासेमारीची सर्व रीत या एका गोष्टीवर आधारलेली आहे. ज्याची भूक अल्प आहे, तो मासा दूरवरच्या भक्ष्यामागे शक्ती खर्च करीत नाही; परंतु तोंडाजवळ सावकाश आलेले भक्ष्य तो सोडतोच असे नाही. म्हणून अनुभवी मच्छीमार आमिष तळाजवळून अगदी हळू ओढतात, अथवा मध्येच दीर्घकाळ स्थिर ठेवतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जलाशयांत यास आणखी एक आधार मिळतो. तेथे बासचे खाद्य म्हणून थ्रेडफिन शॅड हा लहान मासा पुष्कळ ठिकाणी सोडलेला आहे. त्यास थंडी सोसत नाही; पाणी सुमारे 5 ते 7 अंशांपर्यंत उतरले, की तो निश्चेष्ट होऊन मरू लागतो. थोडे थरथरून पाण्यात अधांतरी थांबणारे कृत्रिम आमिष बासला या मरणोन्मुख शॅडसारखे भासते.

येथे माशांच्या रक्षणाचा प्रश्न उपस्थित होतो. पकडून सोडलेल्या माशांतील मृत्यूचे प्रमाण सामान्यतः उष्ण पाण्यात अधिक असते. त्या दृष्टीने हिवाळा सौम्यच म्हणावा लागेल. परंतु त्याचे धोके वेगळे आहेत. एका खोल डोहात एकवटलेले मासे ठिकाण कळताच थोड्या दिवसांत मोठ्या संख्येने पकडले जाऊ शकतात. बासचा वाताशय बंद असतो व त्यातील वायू रक्तावाटेच हळूहळू कमी होतो. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथून मासा झपाट्याने वर ओढला, तर वाताशय फुगून सुमारे दुप्पट होऊ पाहतो आणि अंतर्गत इंद्रियांस इजा पोहोचते. शिवाय शून्याखालील हवेत धरून ठेवलेल्या माशाचे नाजूक कल्ले व डोळे गोठण्याची भीती असते.

हिवाळ्याची खरी कसोटी मात्र पिलांची असते. शटर, मॅकलीन, फ्राय व रेगियर यांनी 1980 मध्ये लहान तोंडाच्या बासच्या पहिल्या वर्षातील जीवितावर तपमानाचा होणारा परिणाम गणिती पद्धतीने तपासला. लहान पिलात साठलेली शक्ती थोडी, तर वजनाच्या मानाने खर्च अधिक. म्हणून उन्हाळा अपुरा पडून पिले लहान राहिली, तर लांबलेल्या हिवाळ्यात ती उपासमारीने मरतात. या जातीच्या प्रसाराची उत्तर सीमा बऱ्याच अंशी याच हिशेबाने ठरते.

महाराष्ट्रातील जलाशयांचे पाणी कधीच इतके थंड होत नाही, व बास हा येथील मासाही नव्हे. तरीही शक्तीच्या आयव्ययाचा हा नियम सर्व माशांस लागू आहे. जमा थांबलेल्या काळात शिल्लक किती पुरते, यावर त्या जीवाचे पुढील वर्ष अवलंबून असते; आणि मच्छीमाराचा गळ पडतो तो नेमका याच शिलकीवर.