ओल्या जोत्यावरची चिकट लादी

श्रावण सरत आला, म्हणजे अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यासारख्या वस्तीत, जिथे बैठ्या चाळींची दारे समोरासमोर उघडतात आणि एका घरची रंगाची बादली चार घरांना दिसते, गणपती येण्यापूर्वी आपल्याही घराला काहीतरी नवे रूप द्यावे ही इच्छा बळावते. आणि अलीकडे भिंतींच्या रंगापाठोपाठ या इच्छेचा मोर्चा जमिनीकडे वळू लागला आहे. पाठीमागचा कागद सोलावा, जागेवर ठेवावी आणि हाताने दाबावी, इतक्या श्रमात बसणारी प्लास्टिकची लादी, जिला बोलण्यात ‘स्टिकरची लादी’ म्हणतात, ती बाजारातून गठ्ठ्याने घरी येते. गवंडी नको, वाळू-सिमेंट नको, जुनी फरशी फोडण्याचा धुरळा नको, आणि अकरा महिन्यांच्या कराराने राहणाऱ्या भाडेकरूच्या दृष्टीने विशेष म्हणजे, पुढे जागेचा कब्जा सोडताना मालकाच्या फरशीला हात लावल्याची तक्रारही नको. परंतु ही लादी बसविण्यास आपण वर्षातला जो काळ निवडतो तोच तिच्या प्रकृतीला सर्वांत प्रतिकूल असतो, हे दुकानदार सहसा सांगत नाही. आणि खोक्यावर बारीक अक्षरांत ते छापलेले असले, तरी सणाच्या गडबडीत ते वाचतो कोण?

आपल्या घरांतील जमिनीचा इतिहास पाहिला, तर ओलीशी जमवून घेण्याचाच तो इतिहास आहे. शेणाने सारवलेली भुई पाणी शोषून घेई आणि ऊन पडले की सोडून देई. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून ओल वर येई व उडून जाई. फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने १९२२ साली ज्या कारखान्याचा पाया घातला, त्या ‘भारत टाइल्स’सारख्यांच्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांनी मुंबईची कितीतरी घरे शोभिवंत केली, त्या लाद्यांनाही थोड्याफार ओलीचे वावडे नव्हते. सिमेंटचा कोबा तर गरिबाघरचा हक्काचा सोबती. पावसाळ्यात तो काळवंडतो आणि दिवाळीनंतर पुन्हा पांढुरका होतो, एवढीच त्याची तक्रार.

प्लास्टिकच्या लादीचे कुळ निराळे आहे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक वॉल्टन याने जवसाचे तेल आटवून, त्यात बुचाचा भुसा मिसळून आणि तो लगदा तागाच्या कापडावर पसरून लिनोलियम केले, तेव्हापासून जमिनीवर अंथरण्याच्या गुळगुळीत आवरणांची ही परंपरा रूढ झाली. पुढे १९२६ च्या सुमारास अमेरिकेत वॉल्डो सेमन याने पीव्हीसी हे मुळात कडक असलेले द्रव्य मऊ व लवचिक करण्याची युक्ती शोधली, आणि १९३३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्याच द्रव्याच्या लाद्या लोकांपुढे आल्या. आज मिळणारी लादी साधारणपणे एक फूट चौरस आणि दीड ते दोन मिलिमीटर जाडीची असते. तिचे अंग खडूच्या भुकटीत कालविलेल्या पीव्हीसीचे. त्यावर सागाचे, संगमरवराचे किंवा चिनी मातीच्या नक्षीचे छापलेले चित्र. चित्रावर झिजेपासून रक्षण करणारा पारदर्शक थर. आणि पाठीला डिंकाचा थर व त्यावर सोलावयाचा कागद. सागवान म्हणून आपण ज्यावर पाय ठेवतो तो सागवानाचा फोटो असतो, हे एकदा मान्य केले की मग या वस्तूवर रागावण्याचे कारण उरत नाही.

खरी मेख त्या डिंकात आहे. फेव्हिकॉलसारखे पदार्थ ओले लावले जातात व वाळून धरतात. हा डिंक मात्र वाळतच नाही. तो कायम अर्धवट घट्ट, अर्धवट प्रवाही अशा अवस्थेत राहतो, दाबाने पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचाखोचांत शिरतो आणि तिथे ठाण मांडतो. म्हणून दाब जितका जास्त तितकी पकड चांगली, आणि बसविल्यानंतरच्या पहिल्या दिवशी असते त्यापेक्षा ती पुढच्या एक-दोन दिवसांत अधिक वाढते. परंतु ज्यात शिरावयाचे तो पृष्ठभागच धुळीने, तेलाने वा पाण्याने व्यापलेला असेल, तर डिंक त्या धुळीला नि पाण्याला चिकटतो, जमिनीला नव्हे.

आणि बुवापाड्यात पाणी केवळ वरून येत नाही. बैठ्या चाळीचे जोते बहुधा ठेंगणे, त्याखालची भरणी मिळेल त्या मुरमाची व राडारोड्याची, आणि ओल अडविणारा थर बांधतेवेळी क्वचितच घातलेला. जून ते सप्टेंबर मुरलेले पाणी या भरणीतून आणि कोब्याच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढत राहते. कोबा उघडा असेल तोवर ते हवेत उडून जाते. त्यावर पाणी न झिरपणारे प्लास्टिक दडपून बसविले की त्याची वाट बंद होते, आणि सिमेंटमधील क्षार घेऊन आलेली ही ओल डिंकाखाली साचते. क्षारयुक्त ओलीत डिंक मऊ पडतो, पांढरट होतो, त्याला आंबूस वास येतो. दसऱ्याच्या सुमारास अशी एखादी लादी उचलून पाहावी: खाली भिंतीला लोणा लागावा तशी पांढरी भुकटी दिसते, आणि कोब्यावर डिंकाचे ओशट ठिपके विखुरलेले असतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात वालधुनी आणि उल्हास या नद्यांच्या काठच्या सखल वस्त्यांत घरोघरी पाणी शिरले होते. जिथे तसे पाणी पुन्हा शिरण्याचा संभव आहे, तिथे या लाद्यांवर पैसा घालण्यापेक्षा तो साध्या फरशीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

सबब लादी विकत घेण्याआधी ओलीची रुजवात घ्यावी, आणि ती घेण्यास फुकटचा उपाय आहे. दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर पसरावे, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि एक अहोरात्र तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूस दव जमले असेल, किंवा कोब्याचा रंग तेवढ्या चौकोनात गडद झाला असेल, तर ती जागा तूर्त अपात्र समजावी. भाद्रपदात बहुतेक तळमजले या परीक्षेत नापास होतील. तेच घर संक्रांतीनंतर तपासले तर निकाल पुष्कळदा निराळा येतो. म्हणून माझे मत असे, की जोत्यावरच्या खोलीत ही लादी माघ ते वैशाख या काळातच बसवावी, आणि गणपतीला दाराशी रांगोळी व भिंतींना रंग एवढ्यावर समाधान मानावे. वरच्या मजल्यावरच्या खोलीला, जिच्या खाली माती नसून दुसऱ्याचे घर असते, हा निर्बंध तितकासा लागू नाही. जुन्या मोझॅकवर, तो गुळगुळीत व शाबूत असल्यास, ही लादी उत्तम बसते.

बसविण्याचे काम घरच्या दोघा माणसांनी करण्याजोगे आहे. ओट्याजवळची तेलकटी धुण्याच्या सोड्याने काढावी, जमीन पूर्ण वाळू द्यावी, फुटलेले सांधे व खड्डे भरून सपाट करावेत, कारण एवढ्या पातळ लादीतून खालचा प्रत्येक उंचवटा वर उमटतो. आणि कोबा हाताला भुकटी सोडत असेल तर आधी प्रायमरचा हात द्यावा. खोकी एक-दोन दिवस त्याच खोलीत ठेवावीत, म्हणजे लादी तिथल्या उष्णतेशी जुळवून घेते. चाळीतली खोली क्वचितच काटकोनात असते, त्यामुळे भिंतीला धरून सुरुवात केल्यास चौथ्या रांगेपासून तिरकेपणा डोळ्यांत भरतो; म्हणून खोलीच्या मध्यावर खडू लावलेल्या दोरीने दोन आडव्या-उभ्या रेघा माराव्यात, काटकोन गुण्याने तपासावा, आणि गुण्या नसल्यास एका रेघेवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरते की नाही ते पाहावे. लादीच्या पाठीवर छापलेल्या बाणाची दिशा सांभाळीत मध्यापासून कडेकडे जावे, आणि प्रत्येक लादी लाटण्याने दाबून घ्यावी. दहा बाय बारा फुटांच्या खोलीस एकशेवीस लाद्या लागतात. कापणीत वाया जाणारा दहावा हिस्सा धरून एकशेबत्तीस आणाव्यात.

मोरीच्या कडेला मात्र ही लादी नेऊच नये. तिथली पहिली लादी कशी जाते ते पाहण्यासारखे असते: प्रथम कोपऱ्याशी एक बारीक काळी रेघ दिसते, ती म्हणजे उघड्या डिंकाला चिकटलेली धूळ, मग पायाच्या बोटाला तो कोपरा लागू लागतो, आणि एकदा त्याखाली साबणाचे पाणी गेले की पुन्हा कितीही दाबले तरी तो बसत नाही, कारण डिंकावर आता धुळीचा पापुद्रा असतो. तीच गोष्ट दाराशी. रबरी बूड असलेले पायपुसणे तर प्लास्टिकवर न निघणारा पिवळा डाग पाडते. तिथे सुती पायपुसणेच घालावे. बादलीभर पाणी ओतून जमीन धुण्याची आपली जुनी सवय सोडून पिळलेल्या फडक्याने पुसावे लागते, आणि स्वयंपाकघरात तापलेला तवा जमिनीवर टेकविण्याची मुभा उरत नाही. पीव्हीसी उष्णतेने मऊ पडते आणि जळाले तर घशाला झोंबणारा आम्ल धूर सोडते. म्हणून समईखाली पितळी ताटली हवीच. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत चैत्र-वैशाखात लाद्या फुगतात व डिंक सैल पडून जागेवरून सरकतात, तेव्हा भिंतीशी किंचित फट ठेवलेली बरी.

घर सोडण्याची वेळ आली, तर ओढून काढण्याची घाई करू नये. केस वाळविण्याच्या यंत्राने लादी कोमट करावी, कोपऱ्यातून पातळ पत्री सरकवावी, आणि मागे उरलेला डिंक खाण्याच्या तेलाने भिजवून खरवडावा. त्यानंतर साबणाने धुतल्यावर मोझॅक बहुधा पूर्ववत दिसतो, कोबा मात्र डाग धरतो, याची कल्पना मालकाला आधीच दिलेली असल्यास अनामत रकमेचा हिशेब बिनतक्रार होतो. खरेदीच्या वेळी त्याच खोक्यातल्या दहा-बारा लाद्या जास्त घेऊन सपाट, सावलीच्या जागी ठेवाव्यात. दोन वर्षांनी तीच छपाई दुकानात मिळेल, याची हमी कोणी देत नाही.