डुकराचा वाटा

हेदवीला आलेला पाहुणा दशभुजा गणपतीचं दर्शन घेतो, भरतीची वेळ विचारून समुद्रकाठच्या बामणघळीकडे वळतो आणि दुपारी मोदक किंवा माशाचं ताट सांगतो. रानडुकराची सागोती त्याला कोणी विचारत नाही. ती कुठल्या खानावळीच्या फळ्यावर नसते, असू शकतही नाही. तरी याच गुहागर तालुक्यातल्या डोंगरवाड्यांत साठी ओलांडलेल्या माणसाशी विषय काढला, तर तो आधी आजूबाजूला बघतो आणि मग चवीबद्दल मनापासून बोलू लागतो.

गावातल्या डुकराला हात न लावणारी कितीतरी घरं रानातल्या डुकराला नाही म्हणत नसत. हा भेद फार जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावडुक्कर निषिद्ध ठरवला आहे; तिसऱ्या अध्यायात मात्र श्राद्धात वराहाचं मांस दिल्यास पितर दहा महिने तृप्त राहतात, असं सांगितलं आहे. चरकसंहितेने मांसाचे आठ वर्ग केले, त्यांत वराह पाणथळीच्या ‘आनूप’ प्राण्यांत येतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ तर थेट स्वयंपाकघरात शिरतो. डुकराचे राठ केस काढण्यासाठी त्याला पांढऱ्या कापडाने झाकून वरून कढत पाणी ओतावं, असं तो सांगतो. भातशेतीच्या कोकणात तेच काम पेंढ्याच्या जाळाने होई. केस जळाले की कोयत्याने कातडी खरवडून धुवायची. कातडीखालचा चरबीचा जाड थर शाबूत ठेवायचा, कारण पुढचं सगळं त्याच्या जिवावर.

हे मांस गडद लाल असतं. बोकडाच्या मटणापेक्षा ते चिवट, आणि एकांड्या थोराड नराचं असेल तर फारच. म्हणून घाई चालत नाही. हळद-मीठ लावून तुकडे टोपात टाकायचे, तेल जेमतेम घालायचं आणि चरबी सुटेपर्यंत मंद आच ठेवायची. टोपावर खोलगट झाकण, झाकणात पाणी. ते तापलं की टोपात ओतायचं आणि झाकण पुन्हा भरायचं. गार पाणी घातलं की मांस आवळतं, हे घरातली प्रत्येक बाई जाणून असते. मांस निम्मं शिजलं की भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, धने, मिरी, लवंग आणि सुक्या मिरचीचं पाट्यावर वाटलेलं वाटण पडतं. सोबत तांदळाची भाकरी. इतका वेळ शिजवण्याला चवीपलीकडचंही कारण आहे. रानडुकराच्या स्नायूंत ट्रायकिनेला नावाचा सूक्ष्म जंत असू शकतो आणि मांस आतपर्यंत नीट शिजलं तरच तो मरतो.

शिकार ही वाडीची गोष्ट होती. हाकारे रान उठवायचे, ठासणीची बंदूक घेतलेला माणूस डुकराच्या येण्याच्या वाटेवर बसायचा. नंतर पानांवर वाटे पडायचे. बार टाकणाऱ्याला जास्तीचा, हाकाऱ्याला त्याचा, आणि ज्या घरचं कोणी गेलं नाही तिथेही कालवणापुरतं. कोणी मारलं, कुठे मारलं, हे गावाला ठाऊक असायचं. या उघडेपणातच थोडा धाकही होता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सुरुवातीला शिकारीचे परवाने ठेवले होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते गेले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बेकायदा शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

याच काळात कोकणातली माणसं कमी झाली. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ वर आली. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, म्हणजे पुरुष मुंबईला. पडीक वरकस जमिनीवर झुडपं माजली, घरामागच्या परड्यापर्यंत रान आलं आणि त्यासोबत डुक्करही. मादीला एका वेळी चार-सहा पिल्लं होतात. भात, नाचणी, सुरण, रताळी, माडाची नवी रोपं, त्याला सगळं चालतं. एका रात्रीत कळप खाचर असं तुडवतो की कापायला काही उरत नाही.

पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायला वन खात्याची परवानगी मिळू शकते. त्यासाठी २०१५ मध्ये राज्य सरकारने स्वतंत्र निर्णयही काढला. पण असं मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं, त्याचं मांस खाता येत नाही. जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे २०१७-१८ च्या हंगामात आठ लाखांहून अधिक रानडुकरं मारली गेली. ट्रायकिनेलाची तपासणी झाल्याशिवाय मांस विकता येत नाही, आणि दक्षिणेकडे चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघातामुळे किरणोत्सर्गही मोजतात. किलोमागे ६०० बेकरेलच्या वर भरलं, तर ते विकायला बंदी. कोकणात ती पद्धत उचलून आणणं धोक्याचं ठरेल. इतकी तपासणी, इतके पशुवैद्य तालुक्याला कुठून मिळणार? विकण्याची मुभा मिळाली की भेकर आणि पिसोरीही त्याच पिशवीतून जातील.

मात्र आज जे चाललंय ते त्याहून वाईट आहे. बंदुकीचा आवाज होतो, फासकीचा होत नाही. मोटारसायकलच्या क्लचची तार, तिचा सरकफास, गडग्याच्या खिंडारात जमिनीपासून वीतभर उंचीवर लावलेला, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला. डुक्कर डोकं घालतं, पुढे रेटतं, तार आवळते. त्याच खिंडारातून बिबट्याही जातो. तो कमरेत अडकतो, सुटण्यासाठी हिसके देतो आणि प्रत्येक हिसक्याला तार आत रुतत जाते. सकाळी कुत्री भुंकतात, गर्दी जमते, वन खात्याची माणसं पिंजरा आणि भुलीची बंदूक घेऊन पोचतात. कधी तो वाचतो. कधी तो उठण्याआधीच संपलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांना ही बातमी नवी नाही.

फासकीला वाटे नसतात. लावणारा एकटा, पहाटे बघायला जाणारा एकटा. दोन दिवस फिरकला नाही, तर अडकलेलं जनावर तिथेच सडतं. गावाने राग धरायचा तर तो या तारेवर धरावा. आणि सरकारला शेतकऱ्याकडून फासकी काढून घ्यायची असेल, तर त्याच्या खाचराभोवती कुंपण आणि अर्ज केल्यावर वेळेत उत्तर, एवढं तरी द्यावंच लागेल.

दिवाळीच्या तोंडावर भात पिवळं पडतं. तेव्हा शेताच्या कडेला माळ्यावर कोणीतरी रात्रभर बसलेलं असतं, हातात विजेरी आणि पत्र्याचा रिकामा डबा. खालच्या झुडपांत काही खसफसलं की डबा वाजतो. थोडा वेळ सगळं शांत होतं. मग पलीकडच्या खाचरात, जिथे यंदा राखणीला माणूसच नाही, लोंब्या मोडल्याचा आवाज येऊ लागतो.