रोमचे तीन दिवस : काय पाहावें, काय खावें

रोम शहराची स्थापना परंपरेनें इ. स. पूर्वीं ७५३ सालीं झाली असें मानतात. इतक्या दीर्घ आयुष्याचें शहर पाहावयास प्रवाशापाशीं बहुधा तीनच दिवस असतात. मार्गदर्शक पुस्तकांत दोनशें स्थळांची यादी असते आणि तींतलें एकहि सुटूं नये म्हणून सारें कुटुंब उन्हांतान्हांत धांवत सुटतें. तेथील जुन्या रस्त्यांवर काळ्या दगडाचे लहान लहान चिरे बसविलेले आहेत. त्यांवरून चालतां चालतां वडील माणसांचे गुडघे दुपारींच बोलूं लागतात. आयुष्यांत एकदांच घडणारा प्रवास असा दमछाकींत संपूं नये, यासाठीं काय पाहावें याआधीं काय सोडावें, हें घरूनच ठरवून निघालेलें बरें.

ऋतूची निवडहि महत्त्वाची. जुलै-ऑगस्टचा उन्हाळा तेथें कडक असतो, आणि १५ ऑगस्टच्या सणाच्या सुमारास पुष्कळ रोमकर शहर सोडून जातात व अनेक खानावळी बंद राहतात. एप्रिल किंवा ऑक्टोबर हे महिने फिरण्यास सोयीचे होत.

पहिला दिवस प्राचीन रोमला द्यावा. कोलोसियम ही रंगभूमि सम्राट व्हेस्पासियन यानें बांधावयास घेतली व इ. स. ८० मध्यें त्याचा पुत्र टायटस यानें तिचें उद्घाटन केलें. सुमारें पन्नास हजार प्रेक्षक तेथें बसत. तिची बाहेरची भिंत अर्धीच उभी आहे, याचें कारण केवळ काळाची झीज नव्हे. भूकंपांत पडलेला दगड पुढील पिढ्यांनीं वाड्यांसाठीं व देवळांसाठीं उचलून नेला. शहरानें आपलीच जुनी इमारत खाणीसारखी वापरली. शेजारचें फोरम आणि पॅलाटाइन टेंकडी हीं त्याच तिकिटांत पाहतां येतात. तिकीट आगाऊ काढावें लागतें, त्यावर प्रवाशाचें नांव असतें, म्हणून ओळखपत्र जवळ बाळगावें.

पॅन्थिऑनचें नशीब मात्र निराळें. सम्राट हेड्रियनच्या कारकीर्दींत, सुमारें इ. स. १२६ मध्यें पुरें झालेलें हें देवालय ६०९ मध्यें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झालें. तें सतत वापरांत राहिलें, म्हणूनच वांचलें. त्याच्या घुमटाचा व्यास ४३ मीटरांहून किंचित् अधिक असून जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीहि तितकीच आहे. लोखंडी सळयांवांचून केलेल्या काँक्रीटचा इतका मोठा घुमट जगांत दुसरा नाहीं. वर जावें तसतसें काँक्रीटांत हलका सच्छिद्र दगड वापरून बांधणारांनीं भार कमी केला. माथ्यावरचें वर्तुळाकार छिद्र उघडेंच आहे. पाऊस सरळ आंत पडतो आणि फरशीतील भोंकांवाटें निघून जातो. चित्रकार राफाएल यांची समाधि येथेंच आहे. २०२३ पासून येथें प्रवेशासाठीं पर्यटकांकडून शुल्क घेतलें जातें.

दुसरा दिवस व्हॅटिकनचा. हें १९२९ च्या करारानें स्वतंत्र झालेलें, अवघ्या ४४ हेक्टरांचें राज्य. तेथील वस्तुसंग्रहालयें महिन्याचा शेवटचा रविवार वगळतां रविवारीं बंद असतात, हें न पाहिल्यामुळें पुष्कळांचा हिरमोड होतो. दालनें अगणित आहेत. सारीं पाहण्याचा हव्यास धरल्यास सिस्टाइन चॅपेलपर्यंत पोंचेतों डोळे थकतात. तेथील छत मायकेलअँजेलोनें १५०८ ते १५१२ या काळांत रंगविलें. त्यासाठीं ताजे डोळे राखून ठेवावे. तेथें छायाचित्रें घेण्यास मनाई आहे, आणि ती मनाई हिताचीच आहे. सेंट पीटरच्या मंदिरांत प्रवेश विनामूल्य असतो. मात्र खांदे व गुडघे झांकलेले हवेत. साडी किंवा सलवार-कुडता येथें अगदीं योग्य पोशाख ठरतो. घुमटावर पायींच चढणारास ५५१ पायऱ्या आहेत; उद्वाहकानें अंतराचा कांहीं भाग वांचतो, सारा नव्हे.

तिसऱ्या दिवशीं तिकिटें विसरावीं आणि चौक व कारंजीं पाहात पायीं हिंडावें. पियात्सा नाव्होना या चौकांत बर्निनी या शिल्पकाराचें १६५१ मध्यें पूर्ण झालेलें चार नद्यांचें कारंजें आहे. त्या चार नद्यांत डॅन्यूब, नाइल व ला प्लाता यांच्या बरोबरीनें आपली गंगाहि आहे. परंतु ती माता नव्हे, तर हातीं वल्हें घेतलेला दाढीवाला पुरुष! इटालियन भाषेंत गंगेचें नांव पुल्लिंगी आहे. त्रेव्ही कारंज्याला पाणी पुरविणारा जलमार्ग मूळचा इ. स. पूर्वीं १९ सालीं अग्रिप्पानें आणलेला. तेथें यात्रेकरूंनीं टाकलेलीं नाणीं गोळा करून दानधर्माकडे दिलीं जातात. रस्तोरस्तीं ओतीव लोखंडाचे सुमारें अडीच हजार नळ अखंड वाहात असतात. त्यांचें पाणी पिण्यास उत्तम असल्यानें बाटली जवळ ठेवावी व भरून घ्यावी. स्पॅनिश जिन्याच्या १३५ पायऱ्यांवर बसण्यास २०१९ पासून बंदी आहे. त्याच्या पायथ्याशीं उजव्या बाजूच्या घरांत १८२१ मध्यें कवि कीट्स पंचविसाव्या वर्षीं वारला.

आतां भोजनाविषयीं. तेथें 'बार' म्हणजे मुख्यतः कॉफीचें दुकान. नुसतें मद्यगृह नव्हे. उभ्यानें कॉफी घेतल्यास स्वस्त पडते; टेबलाशीं बसल्यास दर पुष्कळदां दुप्पट होतो. दुधाळ कापुचिनो सकाळींच घेण्याची तेथील चाल आहे. खानावळी दुपारीं सुमारें साडेबारा ते तीन आणि रात्रीं साडेसातनंतर उघड्या असतात. मधल्या वेळीं भूक लागल्यास वजनावर कापून विकला जाणारा पिझ्झा हाच आधार. प्रसिद्ध स्थळासमोर, पदार्थांचीं रंगीत चित्रें लावून दारांतून बोलावणारी खानावळ टाळावी. दोन गल्ल्या आंत गेल्यास अन्न चांगलें आणि दर माफक मिळतात. बिलांत पावाची रक्कम वेगळी लावलेली असूं शकते. बक्षिशीची सक्ती नसते.

शाकाहारी मंडळींनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. 'आमात्रिचाना' हा टोमॅटोचा लाल रस्सा दिसावयास निर्दोष, परंतु त्यांत डुकराच्या गालाचें मांस असतें. 'कार्बोनारा'मध्यें तें व अंडें दोन्ही. 'काचो ए पेपे' या शेवयांत केवळ चीज व मिरें असतात. पण पेकोरिनो हें मेंढीच्या दुधाचें चीज कोंकराच्या जठरांतील विरजणानें गोठवितात, म्हणून कडक शाकाहाऱ्यांना तें चालणार नाहीं. त्यांच्यासाठीं टोमॅटो, लसूण व तेल यांचा, बिनचीजचा 'मरिनारा' पिझ्झा बिनधोक. 'सेन्त्सा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करावे. हिवाळा सरतांना मिळणारें, फुलासारखें उमलवून तळलेलें आर्टिचोक ही यहुदी वस्तीची देणगी. त्या वस्तींत १५५५ पासून यहुद्यांना कोंडून ठेवण्यांत येत असे, आणि १६ ऑक्टोबर १९४३ रोजीं तेथून व इतर मोहल्ल्यांतून हजारावर स्त्रीपुरुष-बालकांना पकडून नेलें. त्यांतील फारच थोडे परतले. तेथें जेवणारानें फरशीत बसविलेल्या पितळी पट्ट्यांवरचीं नांवेंहि वाचावीं.

एक दिवस अधिक असल्यास आग्नेयेकडील कासिनो येथें आगगाडीनें जाऊन यावें. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत १० जुलै १९४४ रोजीं लढतां लढतां पडलेले माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचें नांव तेथील स्मारकावर कोरलेलें आहे. रोमच्या पुलाखालून वाहणारी टायबर ती हीच. त्या पुलावर सायंकाळीं थोडा वेळ स्वस्थ उभें राहणाऱ्या मराठी प्रवाशाला हें शहर परकें वाटणार नाहीं, आणि यादींतलीं दीडशें स्थळें राहून गेल्याची हळहळहि उरणार नाहीं.