मुलाखतीतील भाषा आणि पेढीवरील भाषा

गेल्या वर्षी आमच्या पेढीवर हिशेबाच्या कामासाठी एका तरुणाची निवड करावयाची होती. आलेल्या उमेदवारांत वाणिज्य शाखेचा एक पदवीधर सर्वांत उजवा वाटला. जीएसटीची विवरणपत्रे, टॅलीवरील नोंदी, बँकेच्या खात्याची जुळवणी, साऱ्या प्रश्नांची त्याने नेमकी उत्तरे दिली. शेवटी सहज विचारले, "आधीची नोकरी का सोडली?" उत्तर देताना त्याने आधीच्या मालकाचा उल्लेख एका शिवीने केला. पेठेत दिवसातून दहा वेळा कानावर पडणारी ती शिवी. शब्द निघताच तो ओशाळला आणि "सॉरी" म्हणाला. तो गेल्यावर आम्ही तिघांनी एकमताने त्याचे नाव खोडले. आज जो जुन्या मालकाला असे म्हणतो, तो उद्या आपल्यालाही म्हणेल, असा आमचा विचार.

त्याच दिवशी दुपारी वखारीत हळदीची पोती उतरवताना एक पोते फाटले आणि हळद जमिनीवर सांडली. सकाळी निवड करणाऱ्या तिघांपैकी एकाने हमालाला जी शिवी दिली, ती त्या तरुणाच्या शिवीहून कितीतरी हीन होती. हमाल मुकाट्याने हळद गोळा करू लागला. दिवाणजींनी खातेवहीतून मान वर केली नाही. कोणाचेही नाव खोडले गेले नाही. शिवी देणारा मीच होतो.

व्यवसायात शिवी चालते का, हा प्रश्न हल्ली तरुण मुले मोकळेपणाने विचारतात. पुण्या-मुंबईच्या काही नव्या कंपन्यांत वरिष्ठच सर्रास अपशब्द वापरतात आणि त्याला मनमोकळेपणा म्हटले जाते. या बाजूनेही काही बोलले जाते, ते ऐकून घ्यावे. इंग्लंडमधील कील विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फासारख्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवताना जे शिवी उच्चारत होते, त्यांना ती वेदना अधिक वेळ सहन करता आली. मात्र त्यांच्याच पुढच्या अभ्यासात असे दिसले की, जे रोज शिव्या देतात त्यांना हा लाभ कमी मिळतो. रोज उधळणाऱ्याच्या हाती ऐन वेळी काही उरत नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. शिवाय त्या प्रयोगात वेदना स्वतःची होती आणि शिवी कोणा माणसाच्या अंगावर फेकलेली नव्हती. पेढीवर बहुधा याच्या उलट घडते.

लिहिलेला शब्द

अमेरिकेतील गोल्डमन सॅक्स या मोठ्या वित्तसंस्थेचे उदाहरण बोधप्रद आहे. २००७ साली संस्थेतील एका अधिकाऱ्याने आपल्याच संस्थेने विकलेल्या एका गुंतवणूक योजनेला ई-मेलमध्ये शेलक्या शिवीने संबोधले. २०१० च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे चौकशी झाली, तेव्हा अध्यक्ष कार्ल लेविन यांनी ते शब्द सर्वांसमक्ष पुनःपुन्हा वाचून दाखवले. त्यानंतर काही महिन्यांतच संस्थेने ई-मेलमध्ये अपशब्द वापरण्यास मनाई केली. आज आपल्या प्रत्येक दुकानाचा व्हॉट्सॲप गट आहे. कामगारांना सूचना, गिऱ्हाइकांची थकबाकी, वाहतूकदाराशी वाद, सारे तेथेच चालते. रागात लिहिलेला शब्द आपण पुसला, तरी दुसऱ्याने तो जपून ठेवलेला असू शकतो.

कायदा काय म्हणतो

१९८२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, पूर्वीची सेवा निष्कलंक असलेल्या कामगाराला केवळ अनुचित भाषेसाठी कामावरून काढणे ही प्रमाणाबाहेरची शिक्षा ठरवली. २००५ च्या निकालात मात्र वरिष्ठाला अश्लील शिव्या देणाऱ्या कामगाराची बडतर्फी कायम केली. या दोन्ही प्रकरणांत बोलणारा कामगार होता. परंतु कायदा मालकालाही मोकळा सोडत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रीला उद्देशून लैंगिक स्वरूपाचे नकोसे बोलणे हा २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळ ठरतो आणि दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चारचौघांत जातिवाचक शिवी देणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही शांतताभंग घडावा अशा हेतूने केलेला अपमान शिक्षापात्र आहे. आपल्या किती पेढ्यांवर याची जाणीव आहे, हे ज्याचे त्याने तपासावे.

शिवी असत्य कशी?

कायद्याच्या भीतीने सांभाळलेली जीभ कायद्याची पाठ फिरताच सुटते. आपल्या आचार्यांनी या विषयाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपाय या ग्रंथात असत्याचे चार प्रकार सांगितले आहेत. असलेले नाकारणे, नसलेले आहे म्हणणे आणि एका वस्तूला दुसरी म्हणणे हे पहिले तीन. चौथ्या प्रकारात त्यांनी गर्हित, सावद्य आणि अप्रिय वचने घातली आहेत. कठोर बोलणे, भय, खेद, वैर वा कलह उत्पन्न करणारे शब्द, ही सारी वचने त्यात येतात. म्हणजे खोटे बोलणे आणि हीन शिवी, दोन्ही एकाच व्रताचा भंग करतात.

शिवी असत्य कशी, हे मला बरीच वर्षे उमगले नव्हते. त्या दुपारी मी स्वतःला सांगितले की, राग अनावर झाला म्हणून शब्द निघून गेला. हेच खोटे होते. बँकेचा अधिकारी कर्जाची फाइल तिसऱ्यांदा परत पाठवतो, तेव्हा राग काही कमी येत नाही. तेथे मात्र आपण हात जोडून "साहेब, पुन्हा एकदा पाहावे" असे म्हणतो. जीभ आवरता येते, हे त्या खुर्चीसमोर सिद्ध होते. हमालासमोर ती आवरत नाही, कारण तो उलट बोलू शकत नाही हे आपणांस ठाऊक असते. तेव्हा शिवी रागामुळे निघते हे अर्धेच खरे. पाण्याप्रमाणे तीही उताराकडे वाहते. त्या तरुणाने निदान आपल्याहून वरच्या माणसाबद्दल ती वापरली होती. मी तर माझ्या पोत्यांचे ओझे वाहणाऱ्याला दिली.

तरुणांसाठी

मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींना तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय येथे उपयोगी पडेल. त्यात सत्यव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत. क्रोध, लोभ, भय आणि हास्य या चारांचा त्याग आणि पाचवी विचारपूर्वक बोलणे. मुलाखतीत शब्द घसरतो तो याच चार ठिकाणी.

जुन्या नोकरीविषयी विचारले असता क्रोध जागा होतो. तेथे घडलेली वस्तुस्थिती थोडक्यात सांगावी, माणसाला विशेषण लावू नये. मुलाखत घेणारा स्वतःच अपशब्द वापरू लागला, तर त्याची मर्जी संपादन करण्याच्या लोभाने त्याच्या सुरात सूर मिसळू नये. शांतपणे आपल्या भाषेत बोलावे. आपण जेथे दिवसाचे आठ-नऊ तास काढणार, तेथील वातावरण कसे आहे हे त्या बोलण्यातूनच कळते. मुलाखत दोन्ही बाजूंनी असते. मुद्दाम डिवचणारे प्रश्न आले की भयाने जीभ सैल होते. अशा वेळी "मला विचार करण्यास थोडा वेळ द्यावा" असे म्हणण्यात कमीपणा नाही. शेवटी चहा घेताना गप्पा रंगल्या की थट्टेत शब्द निसटतो. दार ओलांडून बाहेर पडेपर्यंत मुलाखत संपलेली नसते. घरी बसून संगणकावर मुलाखत देताना तर ध्वनी खरोखर बंद आहे की नाही, हे दोनदा पाहावे.

तरीही खरी तयारी अर्ध्या तासाची नसते. दुकानात गल्ल्याशेजारी बसून शाळेचा अभ्यास करणारा मुलगा आपण ग्राहकाशी कसे बोलतो आणि मालवाहू टेम्पोच्या चालकाशी कसे बोलतो, दोन्ही ऐकत असतो. ग्राहकाशी बोलण्याची भाषा त्याने घ्यावी आणि दुसरी घेऊ नये, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर ठेवतो? त्या तरुणाच्या तोंडी जो शब्द आला, तो त्याने कोठे ऐकला असेल? एखाद्या आमच्यासारख्याच पेढीवर, हे मानण्यास मला अडचण वाटत नाही.

पुढे दशलक्षण पर्व आले. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी आम्ही नातेवाईक, शेजारी आणि बरोबरीचे व्यापारी यांची क्षमा मागतो. त्यांतील बहुतेकांशी वर्षभरात वाकडा शब्दही झालेला नसतो. या वेळी मी सकाळी प्रथम वखारीत गेलो. त्या हमालापुढे हात जोडले आणि त्या दिवसाच्या शब्दाबद्दल क्षमा मागितली. तो गोंधळला, इकडेतिकडे पाहू लागला. मग हसून म्हणाला, "मालक, त्यात काय एवढं? चालायचंच."

शिवी चालते का, या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा मिळाले. ती चालत नव्हती, तो चालवून घेत होता. अठ्ठावीस वर्षे आमची पोती वाहताना त्याने तेही ओझे मुकाट्याने वाहिले होते, आणि त्याची हमाली आमच्या खातेवहीत कधीही जमा झाली नव्हती.