शहराच्या मापाची गाडी

मारुती 800 शेजारी रेव्हा उभी केली, तर ती चांगली दोन फुटांनी तोकडी भरायची. लांबी 2.6 मीटर, रुंदी 1.3 मीटर, दारं दोनच. पुढे दोन मोठी माणसं, मागे दोन लहान मुलं. वेग फार तर ताशी 65 किलोमीटर आणि एकदा चार्ज केली की कंपनीच्या हिशेबाने 80 किलोमीटरची मजल. 2001 मध्ये ही विजेची गाडी बंगळुरूत विक्रीला आली तेव्हा अनेकांनी तिच्याकडे खेळणं म्हणूनच पाहिलं. मला मात्र ठामपणे वाटतं, की शहरात रोज गाडी चालवणाऱ्याची गरज इतक्या नेमकेपणाने मोजणारी गाडी आपल्याकडे त्याआधी झाली नव्हती. तिच्यात उणिवा होत्या, त्यातली एक तर गंभीर होती. पण माप बरोबर होतं.

चेतन मैनी हे या गाडीमागचं नाव. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात शिकत असताना ते ‘सनरनर’ या सौर गाडीच्या चमूत होते. 1990 ची अमेरिकेतली ‘सनरेस’ ही सौर गाड्यांची शर्यत सनरनरने जिंकली आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीतही तिने वरचा क्रमांक मिळवला. सौर गाडी बांधणाऱ्याला एक सवय कायमची लागते. छतावरून मिळणारी वीज मूठभर असते, म्हणून प्रत्येक किलो आणि प्रत्येक वॉट मोजून वापरावा लागतो. 1994 मध्ये बंगळुरूचा मैनी समूह आणि कॅलिफोर्नियातली अमेरिगॉन कंपनी एकत्र आले आणि रेव्हाचं काम सुरू झालं. ती काटकसर या गाडीत पुरेपूर उतरली.

आत डोकावलं की हे लक्षात येतं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर एबीएस प्लास्टिकचे पत्रे. पार्किंगमध्ये कुणी हलकासा धक्का दिला तर पोचा पडत नाही. पुढच्या सीटखाली सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या मांडलेल्या. 48 व्होल्ट आणि 200 ॲम्पिअर-तास, म्हणजे साडेनऊ युनिटच्या आसपास वीज. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या पुढे, त्यात अडीचशेहून जास्त किलो एकट्या बॅटऱ्यांचे. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. पुढे जायचं की मागे, एवढं ठरवायचं आणि पाय दाबायचा. चार्जिंगला वेगळं यंत्र लागत नसे. गिझरला असतो तसा 15 ॲम्पिअरचा घरगुती प्लग पुरे. अडीच तासांत ऐंशी टक्के, पूर्ण व्हायला आठेक तास. रात्री लावली की सकाळी तयार.

कमी वेगाची गाडी म्हणजे उणी गाडी, हा समज इथे तपासून पाहायला हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 50 च्या जागी 100 ने जायचं तर हवा चौपट जोराने मागे रेटते. तेवढ्या वेगासाठी मोठी मोटर, तिला पुरवठा करायला मोठी बॅटरी, ते वजन पेलायला जड सांगाडा आणि तो थांबवायला मोठे ब्रेक लागतात. वेगाची वरची मर्यादा खाली आणली, की ही सगळी साखळी आखूड होते आणि किंमतही त्याबरोबर उतरते. आता पुण्यात सकाळी नऊ वाजता कर्वे रोडवर किंवा मुंबईत संध्याकाळी एस. व्ही. रोडवर ताशी 65 चा काटा कुणाला दिसतो? तिथे गाडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. पेट्रोलचं इंजिन सगळ्यात जास्त इंधन वाया घालवतं ते याच चालीत. विजेची मोटर सिग्नलला उभी असताना काहीच ओढत नाही. निघताना पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते आणि वेग कमी करताना थोडी वीज परत बॅटरीत टाकते. जी वाहतूक पेट्रोलच्या गाडीला नकोशी, ती हिला मानवते.

खर्चाचा हिशेब घरी बसून करता येतो. चार्जरमधली गळती धरून पूर्ण चार्जला बारा युनिट आणि युनिटला दहा रुपये धरा. रस्त्यावरची प्रत्यक्ष मजल 80 ऐवजी 60 किलोमीटरच धरा. तरी किलोमीटरला दोन रुपये पडतात. शहरात लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीला आजच्या दराने सात रुपयांपर्यंत लागतात.

पण या हिशेबात बॅटरी धरलेली नाही, आणि रेव्हाचं घोडं तिथेच अडलं. लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त आणि ओळखीची. इन्व्हर्टरमुळे घरोघरी ती कशी वागते हे आपल्याला ठाऊक आहे. वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, वारंवार पूर्ण रिकामी केली की ती लवकर खचते. तीनेक वर्षांत आठच्या आठ बॅटऱ्या बदलायची वेळ आली, की पेट्रोलमध्ये वाचवलेले पैसे एका फटक्यात निघून जात. त्याआधीही मजल हळूहळू घटत जाई. नव्या गाडीत ऑफिसला जाऊन, येताना मुलांना क्लासवरून घेऊन, भाजी आणून घरी पोहोचणारा माणूस तिसऱ्या वर्षी काट्याकडे बघत थेट घर गाठू लागे. गाडीवरचा विश्वास असा कमी झाला, की तिचा स्वस्तपणा कुणाला पटवता येत नाही.

रेव्हाला खरं प्रेम मिळालं ते लंडनमध्ये. तिथे ती ‘जी-विझ’ नावाने विकली गेली. फेब्रुवारी 2003 मध्ये लंडनच्या मध्यभागात गाडी नेण्यासाठी दिवसाला 5 पौंड गर्दी-शुल्क सुरू झालं आणि 2005 मध्ये ते 8 पौंड झालं. विजेच्या गाड्यांना त्यातून सूट होती, काही भागांत पार्किंगमध्येही सवलत होती. रोज शहराच्या मध्यात ये-जा करणाऱ्याची गाडी त्या वाचलेल्या पैशांतूनच फिटू लागली. गाडी तीच, बॅटरी तीच, पण शहराने आपली जागा फुकट द्यायचं थांबवताच कमी जागा घेणाऱ्या गाडीला भाव आला. आपल्या शहरांत रस्त्याकडेला दिवसभर फुकट उभ्या असलेल्या अवजड गाड्या पाहिल्या की मला हे हमखास आठवतं.

लंडनमध्येच तिची गंभीर उणीवही उघडी पडली. युरोपच्या नियमांत ती मोटरगाडी नव्हती, ‘क्वाड्रिसायकल’ होती. बॅटऱ्या सोडून वजन 400 किलोच्या आत आणि मोटरची ताकद मर्यादित, असा तो वर्ग. मोटरगाड्यांच्या टक्कर-चाचण्या या वर्गाला लागू नव्हत्या. 2007 मध्ये ‘टॉप गिअर’ मासिकाने टक्कर घडवून पाहिली आणि आत बसलेल्यांच्या बचावाबद्दलची चिंता खरी ठरली. ब्रिटनच्या वाहतूक खात्यानेही काळजी व्यक्त केली. पुढे कंपनीने सांगाड्यात सुधारणा केल्या. माझ्या मते या वर्गाच्या गाड्यांबद्दल सगळ्यात आधी बोलायला हवं ते हेच. गाडी स्वतः हळू चालते म्हणून समोरून येणारा ट्रक हळू येत नाही. गल्ली, वसाहत, शहराचे आतले रस्ते हे तिचं क्षेत्र. बाह्यवळण आणि महामार्ग नाही. ही सीमा विकणाऱ्याने विकतानाच सांगितली पाहिजे आणि किमान टक्कर-चाचणीचा नियम या वर्गालाही हवाच.

2011 पर्यंत रेव्हा 26 देशांत पोहोचली होती. एकूण विक्री मात्र चार हजारांच्या घरात. आपल्याकडे ती का खपली नाही, याचं बॅटरीखेरीज आणखी एक उत्तर आहे आणि ते आपल्या घराघरांत आहे. गाडी घेताना कुणीतरी विचारतंच, ‘गणपतीला गावी जाता येईल का हिच्यातून?’ वर्षातले चार दिवस कोकणच्या वाटेवरचा कशेडी घाट चढायचा म्हणून उरलेले दिवस आपण पाच-सात माणसांची गाडी एकट्याने चालवतो. प्रश्न चुकीचा नाही. ज्या घरात एकच गाडी परवडते तिथे तो रास्तच आहे. पण दुसरी गाडी घेणाऱ्या घरांत, किंवा गावी जायला एसटी आणि कोकण रेल्वे वापरणाऱ्या घरांत, हा प्रश्न उगीच निकाल फिरवतो.

2010 मध्ये मुंबईच्या महिंद्र समूहाने रेव्हाचा मोठा हिस्सा घेतला. 2013 मध्ये लिथियम-आयन बॅटरीची ‘ई2ओ’ आली. दारं दोनच, पण माणसं चार आणि वेग ताशी 80 च्या आसपास. तीही फार चालली नाही. जी बॅटरी रेव्हाला हवी होती, तिची किंमत तेव्हा सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात नव्हती. ती पुढच्या दहा वर्षांत झपाट्याने उतरली. चीनमध्ये 2020 साली आलेल्या वुलिंगच्या छोट्या विजेच्या गाडीने खपाचे उच्चांक केले आणि तिच्याच घराण्यातली एमजी कॉमेट 2023 मध्ये आपल्याकडे आली. जेमतेम तीन मीटरची, पण वेगाने महामार्गालाही चालेल अशी.

रेव्हाच्या जवळची वाटते ती पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीची ‘ईव्हा’. जानेवारी 2025 मध्ये ती दिल्लीच्या प्रदर्शनात जाहीर झाली. छतावर सौर पत्रे आणि वेग ताशी 70 च्या आसपास. सर्वांत छोट्या पर्यायातली बॅटरी नऊ युनिटची, म्हणजे रेव्हाच्याच मापाची. फरक असा, की तेवढ्या विजेवर कंपनी 125 किलोमीटरचा दावा करते, आणि बॅटरी वजनाला रेव्हाच्या मानाने बरीच हलकी. सौर छतातून वर्षाला जास्तीत जास्त 3000 किलोमीटर मिळतील असंही कंपनी म्हणते. पार्किंग उघड्यावर असेल त्यालाच ते लागू, आणि पुण्याच्या पावसाळ्यात तर हात आखडताच घ्यावा लागेल.

अशी गाडी घ्यायचा विचार असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. आठवडाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहावेत. दिवसाचा सर्वांत मोठा आकडा गाडीच्या सांगितलेल्या मजलीच्या निम्म्यात बसला, तर बॅटरी जुनी झाल्यावरही अडणार नाही. आणि सोसायटीच्या कमिटीला अर्ज द्यावा, की आमच्या पार्किंगजवळ, आमच्याच मीटरवरून, 15 ॲम्पिअरचा एक पॉइंट हवा. वायरमनचं काम एका दिवसाचं आहे. कमिटीची परवानगी मिळायला किती महिने लागतील, ते अध्यक्ष कोण आहेत त्यावर अवलंबून. म्हणून अर्ज आधी, बुकिंग नंतर.