नळाच्या पाण्याचा वास

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी तक्रार घेऊन आला. "सर, नळाच्या पाण्यास औषधाचा वास येतो. आजी म्हणते, त्यापेक्षां आपल्या आडाचें पाणी काचेसारखें निर्मळ आहे, तेंच पी." असें बोलणें पुष्कळ घरीं ऐकूं येतें, म्हणून सार्वजनिक पाण्यांत कोणतीं द्रव्यें घालतात व तीं कां घालतात, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

नदीचें पाणी शुद्धीकरण-केंद्रांत आलें म्हणजे प्रथम त्यांत तुरटी घालतात. मातीचे अतिसूक्ष्म कण एकाच प्रकारच्या विद्युद्भारानें भारलेले असल्यामुळें एकमेकांस दूर लोटतात व पाणी कितीही वेळ स्थिर ठेविलें तरी खालीं बसत नाहींत. तुरटीच्या योगें त्यांचें हें वैर मिटतें, आणि पाण्यांत पिंजलेल्या कापसासारखे चिकट पुंजके तयार होतात. ते मातीस व बऱ्याचशा जंतूंसही कवटाळून तळाशीं जातात. मग वरचें पाणी वाळूच्या थरांतून गाळून घेतात. पावसाचें गढूळ पाणी दोन पेल्यांत घेऊन एकांत तुरटीचा खडा चार वेळां फिरवावा व दोन्ही पेले तासभर न हलवितां ठेवावे. हा प्रयोग प्रत्येकानें करून पाहण्यासारखा आहे.

परंतु निवळलेलें पाणी निर्धोक झालें, असें समजणाराची मात्र फसगत होते. १८५४ सालीं लंडन शहराच्या सोहो भागांत पटकीची भयंकर सांथ उद्भवली. तेथील ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचें पाणी चवीविषयीं नांवाजलेलें होतें. पूर्वीं त्या भागांत राहिलेली एक विधवा बाई दूर हॅम्पस्टेड येथें राहावयास गेली, तरी त्या चवीखातर तेथूनच पाणी मागवीत असे. हॅम्पस्टेडला पटकी नव्हती. तरी ती बाई पटकीनेंच वारली. असल्या पुराव्यांवरून डॉ. जॉन स्नो यांनीं दोष हवेचा नसून पाण्याचा आहे, असें दाखवून दिलें.

तेव्हां जंतू मारणारें द्रव्य वेगळें पाहिजे. आपल्या देशांत १८९० नंतर आग्रा येथील हॅन्किन यांनीं सांथीच्या वेळीं विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत प्रचारांत आणली. जुन्या माणसांच्या बोलण्यांत येणारें विहिरीचें तांबूस-जांभळें पाणी तें हेंच. पुढें त्याहून अधिक भरंवशाचें द्रव्य म्हणून क्लोरीन पुढें आलें. १९०५ सालीं इंग्लंडांतील लिंकन शहरांत विषमज्वराची सांथ आली असतां त्याचा उपयोग करण्यांत आला; १९०८ सालीं अमेरिकेंतील जर्सी सिटीच्या पाण्यांत तें नित्य घालूं लागले. असल्या पाण्यास शुद्ध म्हणावें कीं नाहीं, हा वाद तेथें न्यायालयापर्यंत गेला व निकाल क्लोरीनच्या बाजूनें लागला. आजीबाईंची शंका कांहीं नवी नव्हे!

आपल्या खेड्यांतून हेंच क्लोरीन टी.सी.एल. पावडरीच्या रूपानें येतें. चांगल्या पावडरीची सुमारें अडीच ग्रॅम मात्रा १००० लिटर स्वच्छ पाण्यास पुरते. मात्र त्यानंतर तासभर थांबलें पाहिजे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीवर व कुजलेल्या पाल्यावरच खर्ची पडतें, जंतू तसेच राहतात. आणि त्या पाल्याशीं संयोग होऊन कांहीं अपायकारक संयुगेंही अल्प प्रमाणांत बनतात, हें १९७४ पासून ठाऊक झालें आहे. म्हणून तुरटी आधीं, क्लोरीन मागून. पोतें उघडें टाकल्यास दमट हवेंत पावडरीचा जोर जातो. अशी निर्जीव पावडर विहिरींत पडली म्हणजे कागदोपत्रीं पाणी शुद्ध होतें, एवढेंच.

आतां वासाविषयीं. जंतू मारून थोडें क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवितात. भारतीय मानकाप्रमाणें तें लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम असावें. वाटेंत एखादा नळ गटारापाशीं फुटका असला तर आंत शिरणाऱ्या जंतूंशीं झुंजावयास हाच पहारेकरी असतो. सौम्य वास ही त्याची हाक होय.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं दोन्ही पाणी बाटल्यांतून आणावयास सांगितलें व प्रयोगशाळेंत ऑर्थोटोलिडीनचे थेंब घातले. नळाचें पाणी क्लोरीनमुळें पिवळें झालें. आडाचें जसेंच्या तसें राहिलें, म्हणजे त्यांत पहारेकरी मुळींच नव्हता. मुलानें घरीं जाऊन ही हकीकत सांगितली, तेव्हां आजीबाई म्हणाल्या, "म्हणजे आडाचेंच स्वच्छ निघालें कीं!" अखेर तडजोड झाली. माठांत रात्रीं भरून झांकून ठेविलेल्या पाण्याचा वास सकाळपर्यंत बराच कमी होतो. त्यांत हात न बुडवितां ओगराळ्यानें काढलेलें नळाचें पाणी आजीबाई आतां पितात. नाक मात्र अजून मुरडतात, असें नातू सांगतो.